साडूची दोन मिनिटं

४ फेब्रुवारी, रविवार
आज फिल्मच्या क्लासमध्ये सरांनी कामाला लावलं. प्रत्येकाने थ्रिलरची फक्त सुरुवात करून आणायची. दोन मिनिटं. काहीही घडायच्या आधीच बघणाऱ्याला अस्वस्थ वाटलं पाहिजे, आणि माणूस कोण आहे ते त्याने तोंड उघडायच्या आधी कळलं पाहिजे. ज्याची सुरुवात सरस, त्याची अख्खी फिल्म क्लास करणार आणि दिग्दर्शक तोच.

म्हणजे मीच. आमच्या क्लासात प्रकाशातलं कळणारा माझ्याशिवाय आहे कोण? वीस वर्षं स्टुडिओत पासपोर्ट फोटो काढतोय.

साडूही क्लासला येतो. फ्रीज विकतो. मी कौतुकाने क्लासबद्दल सांगितलं, तर लगेच फी भरून मोकळा. आज त्याने विचारलं की काहीच न दाखवता भीती दाखवता येते का. सर म्हणाले, उत्तम प्रश्न. हा प्रश्न माझ्या मनात पहिल्या दिवसापासून होता. मी सभ्यपणे गप्प बसलो होतो, एवढंच.

५ फेब्रुवारी, सोमवार
स्क्रिप्ट तयार. जिना. अंधार. हॅटवाला माणूस. कॅमेरा जमिनीवरून वर, मग तिरका, मग हलता. लाल दिवा. फुटका आरसा. वाफ. सरांनी शिकवलेलं एकही तंत्र सोडलेलं नाही.

निश्चय: साडूचा विचार करायचा नाही. आपण आपलं काम करावं.

संध्याकाळी त्याला सहज फोन केला. म्हणाला, अजून काही सुचलं नाही. छान झोप लागेल आज.

८ फेब्रुवारी, गुरुवार
बायकोची तालीम घेतली. तिला सांगितलं, घाबर. तिने विचारलं, कशाला? म्हटलं, ते त्या बाईला माहीत नसतं. ती म्हणाली, मग मला कुठून माहीत असणार? कलाकारांचं हे असंच. नाचता येईना, अंगण वाकडं.

नंतर मी हॅट घालून जिन्यावर आलो तर ती हसत सुटली. पुढचा तासभर वाया. खालच्या मजल्यावरच्या काकांनी तिरका कॅमेरा बघून स्टँडचा पाय मोडला का म्हणून विचारलं आणि स्क्रू-ड्रायव्हर आणून दिला. मी तो परत केला नाही.

१० फेब्रुवारी, शनिवार
शूटिंग झालं. वाफेसाठी किटली लावली, लाल दिवा लावला, फ्यूज उडाला. पण थांबलो नाही. आता फिल्ममध्ये बराच वेळ काही दिसत नाही. यालाच मूड म्हणतात.

बायको दुपारी बहिणीकडे गेली ती उशिरा आली. तिथेही तयारी चालली आहे म्हणे. मी काही विचारलं नाही. फक्त लोकेशन कुठलं, दिवे किती, काम कोण करतंय, कॅमेरा कुठला आणि सुचलं कधी, एवढंच. ती म्हणाली, मेहुणी टेबलाशी बसून कपड्यांच्या घड्या घालणार. कॅमेरा हलणार नाही. म्यूझिक नाही.

कपड्यांच्या घड्या! खूप हसलो. बायकोने विचारलं, पोटात दुखतंय का? तिला वाटतं माझा जळफळाट होतोय. मला त्याची काळजी वाटते. क्लाससमोर हसं होईल बिचाऱ्याचं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार
स्टुडिओ दुपारी बंद ठेवून साडूच्या घराकडे चक्कर मारली. हेरगिरी नव्हे. अभ्यास. घर तळमजल्यावर, मागच्या बाजूला खिडकी, बाहेर कुंड्या. कुंड्यांमागे उभा राहिलो.

मेहुणी खिडकीकडे पाठ करून बसली होती, म्हणजे ती मला बघण्याचा प्रश्नच नाही. साडू दुसऱ्या खोलीत. कॅमेरा तिच्या समोर पुस्तकांच्या ढिगावर ठेवलेला. लेन्स कुठली ते समजेना म्हणून काचेला नाक लावून नीट बघितलं. मग खाली वाकलो. मग खात्री करायला पुन्हा बघितलं. दिवा एकही नाही. खिडकीतून येईल तो उजेड. बाई घड्या घालते आहे, गुणगुणते आहे. घर छान ठेवलंय हो त्यांनी. पडदेसुद्धा नवीन.

निष्कर्ष: धोका शून्य. मला कुणीही पाहिलं नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार
आज सगळ्यांच्या फिल्म दाखवल्या. घरच्यांनाही बोलावलं होतं. बायको आणि मेहुणी शेवटच्या रांगेत.

माझी पहिली. एकाने मधेच विचारलं, प्रोजेक्टर बंद पडला का? सर म्हणाले, तंत्रं सगळी आहेत, माणूस कुठे आहे? हॅट दिसली नाही बहुतेक त्यांना.

मग साडूची. टेबल, मेहुणी, घड्या. मी आरामात मागे टेकलो. आणि तिच्या मागे, काचेत, हळूच एक चेहरा वर आला. नाक चपटं झालेलं. खाली गेला. पुन्हा आला. पुढच्या रांगेतल्या बाईंनी चक्क शेजारणीचा हात धरला. मेहुणी आपली गुणगुणतच होती.

सर उठून उभे राहिले. म्हणाले, बघा, कॅमेरा स्थिर, भर दुपारचा उजेड, तरी अंगावर काटा आला. का? तिला माहीत नाही ते आपल्याला माहीत आहे. चेहरा किंचित धूसर ठेवलाय, म्हणून जास्त भीती. आणि एक शब्द न बोलता हा माणूस पुरता कळतो. काय आहे त्याच्या डोळ्यांत? सगळा वर्ग एकसुरात म्हणाला, मत्सर. सर म्हणाले, बरोबर, दुसऱ्याच्या घरात जे आहे ते याला आयुष्यभर हवं होतं. मग साडूला विचारलं, असा नट कुठे सापडला?

साडू खाली मान घालून म्हणाला, घरचाच आहे. तो चेहरा त्याला एडिटिंग करताना दिसला होता आणि तो सगळं पुन्हा शूट करणार होता. पण माझ्याच बायकोने सांगितलं की राहू दे.

सगळे मागे वळून माझ्याकडे बघून टाळ्या वाजवायला लागले. मी उठून थोडा वाकलो. दुसरं काय करणार?

१९ फेब्रुवारी, सोमवार
शांतपणे विचार केला. ती फिल्म माझीच आहे. चेहरा काढला तर उरतात घड्या. चेहरा कधी वर यावा, कधी खाली जावा, हे कुणी ठरवलं? मी. साडूने आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या. सरांना फोन करून हे समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, काम तुम्हीच करा, चेहऱ्याचं.

बायकोने विचारलं, तिथे काय बघायला गेला होता? म्हटलं, लाइट. ती म्हणाली, तो तुकडा तिने चारपाच वेळा बघितला. इतकं जीव तोडून मी तिच्याकडे कधीच बघितलेलं नाही. मग ती दूध तापवायला गेली. 

निश्चय: हिच्याकडे रोज बघायचं.

२५ फेब्रुवारी, रविवार
अख्ख्या फिल्मचं शूटिंग सुरू. दिग्दर्शक साडू. टेक सुरू होताना वाजवायची ती क्लॅपची पाटी बायको धरते, तीही हौसेने. मी खिडकीबाहेर.

पूर्ण तयारीने गेलो होतो. भुवई कुठे, ओठ किती, सगळं आरशात बसवलेलं. पहिल्या टेकला सर म्हणाले, खोटं वाटतंय. दुसऱ्याला म्हणाले, दात दुखतोय का? साडूने प्रेमाने समजावलं की काहीच करू नका, नुसतं बघा. मला अभिनय शिकवतो. फ्रीजवाला. बायको प्रत्येक वेळी क्लॅप वाजवत होती आणि मी प्रत्येक वेळी आधीपेक्षा वाईट करत होतो.

शेवटी सर म्हणाले, दमलात, पाच मिनिटं थांबा. मी कुंड्यांमागे थांबलो. आत बायको साडूशेजारी मॉनिटरपाशी उभी होती. कॅमेरा थोडा डावीकडे घ्यावा असं काहीतरी ती सांगत होती आणि तो मान डोलावत होता, अगदी मन लावून. मग तो काहीतरी म्हणाला आणि ती हसली. हॅट बघून हसली होती तशी नाही. वेगळं. घरी असं हसलेली मला आठवेना. मी काचेजवळ गेलो.

सर ओरडले, ओके! फर्स्ट क्लास!

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. या वेळी बायकोने क्लॅप वाजवलीच नव्हती.