स्वयंपाकघरातली सांतेर

१० जाने., शनि.
प्लॉटवर आज चुन्याची फक्की मारून घराचा आराखडा आखला. धारगळात स्वतःच्या पगारावर घर बांधणारी आमच्या घराण्यातली पहिली मुलगी, माझी मीनल! मुरगाव बंदरावर क्रेनचं काम सांभाळते, तिथले बापये तिला ‘मॅडम’ म्हणतात. हायवेवरची बस थांबवून सांगावंसं वाटत होतं.
एकच गोम. प्लॉटवरचं वारूळ बरोबर स्वयंपाकघरात येतंय. कमरेएवढं, लालभडक. हे तर बघताच हात जोडून उभे. आमच्याकडे वारूळ म्हणजे सांतेर, साक्षात देवी.

११ जाने.
भांडण. जेवण ताटात थंड.
हे: “सांतेर ती. देवीचो कौल घेतल्याबगर कोणी हात लावचो ना.”
मीनल: “बाबा, वाळवी आहे ती. दारं-खिडक्या खाऊन टाकील. १९ला जेसीबी येतोय.”
मग दोघंही माझ्याकडे बघत बसली. जीवशास्त्राची मास्तरीण ना मी! म्हटलं, दोघांचंही अर्धंच बरोबर. आणि सुटले. उत्क्रांती म्हणजे नुसती हाडं बदलत गेली असं नव्हे. शेवाळ, गोगलगाय, गाय, माणूस, सगळ्यांत एकच जाणीव वाढत आलीय, चुलीत विस्तव धरतो तशी. वाळवी आपली थोरली. घर जरा सरकव, तिला जागा दे.
मीनल हसली. “आई, हे तुझं रिटायर झाल्यावरचं गे. परीक्षेत असं लिहिलं असतं तर तूच शून्य दिलं असतंस.”
दिलं असतं. खोटं कशाला बोला.

१४ जाने., संक्रांत
तीळगूळ दिला. ह्यांनी खाल्ला, गोड काही बोलले नाहीत. मीनल ड्युटीवर. फोनवर नुसतं “हं, हं”.
मला एवढं का लागलंय? देवी मानू नको बाई, तुझी मर्जी. पण आत कोणीच नाही असं समजून, कचऱ्याचा ढीग हलवावा तसं मोडलंस, तर मी तुला शिकवलं काय? नुसते धडे?

१७ जाने., शनि.
केलं आज. सकाळीच मीनलला घेऊन प्लॉटवर गेले नि शेडमधला पिकास उचलला. “बस इथं नि बघ.” वारुळाच्या कुशीला करवंटीएवढं भोक पाडलं.
नेमके हे गेटात. “गो, तुका पिसां लागला काय? सांतेरीक लोखंड!” मग दिवसभर आमच्याकडे पाठ करून बसले.
भोकाशी वाळवी आली. आंधळी जात. एकेक येते, तोंडातला मातीचा कण ठेवते, वळते. मीनल चांगल्या जीन्सने लाल धुळीत फतकल मारून बसलेली. चहा दिला, तसाच राहिला. संध्याकाळपर्यंत भोक बंद!
“आई, मुकादम कोण गे यांचा?”
“कोणी नाही.”
“मग भोक इथं पडलंय हे कळलं कोणाला?”
मी म्हटलं, “अगं, तेच तर!” एवढ्या मोठ्याने, की ह्यांनीही वळून बघितलं.

१८ जाने., रवि.
ह्यांनी सकाळी दोघींना सांतेरीच्या देवळात नेलं. गाऱ्हाणं घातलं: “माये सांतेरी, बायलेन अडाणीपणान लोखंड लायलां, पदरात घे.” अडाणीपणान! मी एम.एस्सी.! गिळलं मुकाट्यानं. सगळ्यांनी “व्हय म्हाराजा” म्हटलं. मागून सगळ्यांत मोठा आवाज कोणाचा? मीनलचा.
मग कौल. भटांनी देवीच्या मूर्तीला दोन फुलपाकळ्या चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी पडली तर घर सरकवायचं, डावी पडली तर आहे तिथंच बांधायचं. मीनलने बाहेर जाऊन जेसीबीवाल्याला उद्या येऊ नको म्हणून कळवलं.
“देवी सांगेल म्हणून?” मी चिडवलं.
“तसं नाही. पण न विचारता कसं मोडू आता?”
पायरीवर वाट बघत बसलो. एकदम म्हणाली, “आई, एकट्या वाळवीला काही कळत नाही, सगळ्यांना मिळून कळतं. आपणही तसेच असलो तर? आपल्यातल्या एकेकाला न कळणारं काहीतरी सगळ्यांना मिळून कळत असेल, तर ते कोणाला कळतं?”
इतकी वर्षं, इतके वर्ग, हे कुणी विचारलं नव्हतं. मलाही कधी सुचलं नव्हतं. पोर माझ्या पुढची पायरी चढली! ऊर भरून आला, रडलेसुद्धा जरा. जाणीव वर चढते म्हणून सांगत फिरते मी, नि चढली ती माझ्याच पोटच्या पोरीत.
भट आतून ओरडले, “हालली!” सगळी धावली. उजवी हालली होती, पडली नव्हती.
दुपार झाली, तरी नाही. मी घरी आले. हे तिथंच बसून आहेत, कौल झाल्याशिवाय उठणार नाहीत म्हणे. मीनल त्यांचा डबा घेऊन गेलीय. द्यायचा नि यायचं, एवढंच काम. अजून आली नाही. बसली असणार तीही बापाशेजारी, पाकळीकडे बघत.