माझ्या मोबाईल नंबरवर एक गाव

३ ऑगस्ट २०१७
अमरावतीच्या सरकारी सायबर विभागात कंत्राटी तज्ज्ञाची जागा निघाली. वयाची अट पंचेचाळीस. बसतो. रेझ्युमे आजच पूर्ण करणार. बायकोचं, हमिदाचं म्हणणं, आधी आपल्या क्लासमधल्या कॉम्प्युटरांचे व्हायरस काढा, मग सरकारचे.

५ ऑगस्ट, दुपार
'तज्ज्ञ' खोडून 'जाणकार' केलं. तेही टोचतंय.
अनुभवात काय लिहावं? पीक विम्याच्या गर्दीत शेतकरी सूर्यभानभाऊंच्या अख्ख्या गावाचे अर्ज मी भरले. खेड्यात मोबाईल कुठले, म्हणून सगळ्यांवर माझाच नंबर. म्हणजे कोणा भामट्याला त्यांचा ओटीपी मिळूच शकत नाही. लिहिलं: 'संपूर्ण गावाचे ओटीपी स्वतःच्या ताब्यात सुरक्षित ठेवले.' खोटं नाही. तरी तीनदा वाचलं.

९ ऑगस्ट
सूर्यभानभाऊ आले. पिशवीभर भेंडी आणलेली. विचारत होते, शेजारच्या गावात विम्याच्या अर्जाला सातबारा पुन्हा जोडा असा मेसेज आला, मले काहून नाही आला सर?
मोबाईल पाहिला. आला होता. रिचार्जच्या ऑफरांमध्ये. मुदत काल संपली. मी सर्व्हरला दोष दिला.
भेंडी घ्यायला नको होती. भाजी मात्र हमिदाने चांगली केली.

१० ऑगस्ट
झोप नाही. प्रायश्चित्त म्हणून, मेसेज मिळालाच नाही अशी सूर्यभानभाऊंची तक्रार सायबर विभागाकडे मीच ऑनलाइन भरली. फुकट. मोबाईलच्या रकान्यात हात सवयीने चालला. मन हलकं झालं. त्याच ओघात रेझ्युमेही पाठवला.

२१ ऑगस्ट
अमरावतीहून फोन! मूळ कागदपत्रांसह परवा या. हमिदाने निकाहच्या वेळचा कोट काढला. बटण लागत नाही, ती म्हणते, श्वास कमी घ्या. निश्चय: नोकरी लागताच सूर्यभानभाऊंना खरं सांगायचं. आधी सांगून उपयोग काय?

२३ ऑगस्ट, संध्याकाळ
साहेबांच्या टेबलावर दोन कागद. माझा रेझ्युमे आणि ती तक्रार. दोन्हींवर एकच नंबर. गावाच्या सगळ्या अर्जांवरही तोच. 'ताब्यात' या शब्दाभोवती त्यांनी लाल पेनाने गोल केलेला. विचारलं, तुम्ही उमेदवार की आरोपी?
बाकावर सूर्यभानभाऊ. तक्रारदार म्हणून बोलावलेले. तेच उठून भांडले: सरायचं नाव घेऊ नका साहेब, यायनंच तं तक्रार भरून देली मले!
मग मला बोलावंच लागलं. मेसेज आला होता. मी वाचला नाही. सर्व्हर ठीक होता.
सूर्यभानभाऊंना म्हणालो, तुमच्याकडे मोबाईल असता तर...
तेवढ्यात त्यांच्या खिशात फोन वाजला. घरी सांगितलं, उशीर होईल. ठेवला. माझ्याकडे पाहून म्हणाले, दोन वर्सं झाले घेऊन. तुमी इचारलंच नाही.