रंगाऱ्याचं कटिस्नान

तीर्थस्वरूप भाऊजींना धाकट्या मेहुण्याचा, खुर्चीत ऐसपैस टेकून आणि अजिबात न कण्हता केलेला नमस्कार. (साष्टांग घालायची पाळी गेले काही दिवस रोजच येत होती, कारण पालथं पडण्याखेरीज दुसरं काही जमतच नव्हतं.) तुमची तब्येत कशी आहे? इकडे सगळे खुशाल आहेत आणि त्या सगळ्यांत आता मीही आलो.

झालं असं, की मला नेमकी बसण्याच्या जागी चीर पडली. आता पुरुषाने हे सांगायचं तरी कुणाला? गुडघा असता तर चारचौघांत चोळून दाखवला असता. मी आपला कंबर धरून फिरायचो आणि बायको बिचारी कंबरेला मलम चोळायची. शेवटी शौचाला गेलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, तेव्हा तिनेच मला डॉक्टरीणबाईंसमोर उभं केलं. (उभंच. बसवत नव्हतं.) त्या म्हणाल्या, पाणी भरपूर प्या, भाज्या-फळं खा आणि पसरट टबात कोमट पाणी घेऊन दिवसातून दोन-तीनदा थोडा वेळ बसा. याला कटिस्नान म्हणतात. आवळलेले स्नायू सैल होतात, रक्त खेळतं, चीर भरायला मदत होते. (मूळव्याधीला आणि प्रोस्टेटच्या दुखण्यालाही आराम पडतो, हे त्यांनी मी न विचारताच सांगितलं. भल्या बाई!) पण पुढच्या खेपेला फरक दिसला नाही, तर ऑपरेशन. साधी सुई टोचताना मी डोळे मिटतो, हे तुम्ही जाणताच.

रंगाऱ्याच्या घरी टबांना काय तोटा! कापड रंगवायच्या कारखान्यातलाच एक घासूनपुसून आणला, पाणी कोमट केलं, कोपर बुडवून पाहिलं आणि सवयीने दोन मुठी मीठ टाकून आत बसलो. काय सांगू भाऊजी, ते सुख! हळूहळू कळ ओसरत गेली आणि मी चक्क गायला लागलो. घरातल्यांना माझं दुखणं परवडलं, असं मागाहून कानावर आलं.

पुन्हा तपासायला गेलो. पालथा झोपलो. बाईंनी दिवा जवळ ओढला. मग त्यांनी शेजारच्या डॉक्टरांना बोलावलं आणि दोघं वाकून कुजबुजायला लागले. मनातल्या मनात मी सगळ्यांचा निरोप घेतला. तेवढ्यात "हे निळं कशानं पडलंय?" असं ऐकू आलं आणि माझ्यातला रंगारी जागा झाला. विचारलं, "आकाशी की गर्द?" "गर्द." हुश्श! ही तर शाळेच्या गणवेशाची छटा! कोमट पाणी, मीठ आणि निवांत भिजवणं, सुती कापडावर रंग चढवायची आमची हीच रीत. टबात मुरलेला रंग मी स्वतःवर चढवून घेतला होता. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग नीट तपासून म्हणाल्या, चीर भरत आलीये, ऑपरेशन नको, आणि मीठही नको. मला इतका आनंद झाला, की तशाच अवस्थेत उठून मी दोघांना हात जोडले. बायको म्हणते, गिऱ्हाइकांच्या कपड्यांचा रंग पहिल्या धुण्यात जातो, हा मात्र जाता जात नाही.

कळावे,
तुमचा (अंशतः निळा) मेहुणा

ता. क. : तुम्ही हल्ली उभ्यानेच जेवता आणि दिवसभर बस चालवून आलात की एका कुशीवर टेकता, असं ताईने बायकोला सांगितलं. रक्तही पडतं म्हणे. भाऊजी, साधंच काहीतरी असेल, पण ते कशाचं आहे हे टबाला कळत नाही, डॉक्टरला कळतं. ताई रडत होती. मलाही फार काळजी वाटते.

ता. ता. क. : पाकिटावर तिकीट नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. हे सगळं तोंडाने सांगायची लाज वाटली, म्हणून लिहून आणलं. मी बाहेरच्या खोलीत ताईबरोबर चहा पितोय. बाईंकडे तुमचा नंबर लावलाय, रिक्षा दारात उभी आहे. वाचून झालं असेल तर चपला घाला.