डोक्यातले राखणदार

लातूर
१२ फेब्रुवारी १९८७

तीर्थरूप सौ. गौरम्मा अक्कास,

धाकट्या विरूपाक्षाचा शरणु शरणार्थ. चंद्रप्पा दाजींनाही माझा नमस्कार सांग. तुझा गुडघा कसा आहे? जळकोटच्या त्या वैद्याचं तेल लावतेस, का नुसतं उशाशी ठेवून झोपतेस?

तुझं पत्र मिळालं. ‘संक्रांत झाली, तोंड दाखवलं न्हाईस, बायकोनं दावणीला बांधलंय का’ असं विचारलंस. दानम्मानं ते तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा हसली, तेव्हा तसं तिच्या मनात नाही असं म्हणायला जागा नाही.

इकडचं काय सांगू? जिल्हा झाला, कलेक्टर आला, कचेऱ्या आल्या, साहेबांचे बंगले आले. पाणी तेवढं यायचं राहिलं. टँकर गल्लीच्या तोंडाशी थांबतो आणि बायका घागरी घेऊन पळतात. करडई गुडघ्याएवढीच होऊन वाळून गेली. आडतीत माल नाही. काट्यावर पोत्यांपेक्षा मांजरच जास्त वेळ बसलेलं असतं.

मला मधे एकदा चक्कर आली होती. उन्हाची असावी. सांगण्यासारखं काही नाही. दानम्मानं परस्पर काही कळवलं असेल तर मनावर घेऊ नकोस, तिला शिंक आली तरी ती पंचांग बघते.

पुढच्या आठवड्यात हैदराबादला जाऊन येईन. तुरीचं जरा काम आहे.

तुझा,
विरू

ता.क. लहानपणी मला कधी फेफरं आलं होतं का? सहज विचारतो.

*

लातूर
६ मार्च १९८७

तीर्थरूप अक्कास,

शरणार्थ.

तुझं उत्तर एका ओळीचं आलं. ‘न्हाई आलं. खरं काय हाय ते लिही.’ तर लिहितो.

हैदराबादला तुरीचं काम नव्हतं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात डोक्याचा आतून फोटो काढणारं यंत्र आहे, त्यात मला घातलं. मधे आली ती चक्कर नव्हती. आडतीत हिशेब सांगता सांगता माझा उजवा हात आपोआप उडायला लागला, मी तो डाव्या हातानं धरला, एवढंच मला आठवतं. बाकीचं हमालांनी सांगितलं. तोंडाला फेस, डोळे पांढरे, धोतर ओलं. शुद्धीवर आलो तर कुणीतरी नाकाशी जोडा धरला होता आणि अर्धा बाजार मला बघत उभा होता. त्यानंतरही झटके आले. म्हणून जळकोटला आलो नाही. बसमध्ये चारचौघांत आला तर काय, ही भीती.

इथल्या डॉक्टर शेषेरावांना पहिल्या भेटीतच संशय आला होता. मला विचारलं, “डुकराचं मांस कधी खाल्लं होतं?” अक्का, मी उठलोच. म्हणालो, “डाक्टरसाहेब, आमच्या घरात अंडं सुदीक आलं न्हाई कधी. कुणाला इचारताव तुम्ही?” आणि तडक घरी आलो. दोन महिने त्या माणसाचं नाव काढू दिलं नाही. त्या दोन महिन्यांत दानम्मा अंगारे लावत होती आणि मी लावून घेत होतो. शेवटी तिनंच त्यांच्याकडून हैदराबादची चिठ्ठी आणली.

फोटोत दिसलं ते खरंच निघालं. किडे आहेत. एक नाही, बरेच. जोंधळ्याच्या दाण्याएवढ्या पिशव्या आणि प्रत्येकीत एक पांढरा ठिपका. ते त्याचं डोकं म्हणे. माझ्या डोक्यात त्यांची डोकी.

मी शेषेरावांकडे परत गेलो, मान खाली घालून. त्यांनी विचारलं, “खेड्यावर खरेदीला जाता, तिथं जेवता काय?” मी अभिमानानं सांगितलं की दुसऱ्याच्या हातचं शिजलेलं आम्ही घेत नाही. अप्पांचा नियम तुला माहीतच आहे. घरची भाकरी, आणि सोबत शेतातलं कच्चं. मुळा, कांद्याची पात, करडईचा पाला. कच्च्याला विटाळ नाही. उपटायचं, धोतराला पुसायचं आणि खायचं. विहिरी आटल्या तशी हिरवी राहिली ती फक्त गावाखालची नाल्यावरची रानं. नव्या वसाहतींचं सगळं पाणी तिकडंच जातं. मी तिथं थांबून मुद्दाम खायचो, दुष्काळात एवढा रसरशीत मुळा दुसरीकडं कुठं मिळणार?

शेषेराव हसले नाहीत. म्हणाले, “किडा असलेलं मांस ज्यानं खाल्लं, त्याच्या पोटात जंत झाला. त्याची अंडी नाल्यात आली, नाल्यातून मुळ्यावर. तुम्ही डुक्कर खाल्लं न्हाई, विरूपाक्षअप्पा. डुक्कर जे खातंय ते खाल्लं.”

दानम्मानं हे ऐकून पदर तोंडाला लावला. मला हसू येत होतं की रडू, ते अजूनही कळलेलं नाही.

आता खरी भीती सांगतो. ती किड्याची नाही.

मेंदूत राखणदार पेशी असतात म्हणे. हातपाय पसरून आपापल्या जागी बसतात आणि आजूबाजूला सारखं चाचपत राहतात. किडा जिवंत आहे तोवर तो स्वतःभोवती पिशवी करून असा दडून बसतो, आणि काहीतरी सोडून त्यांना असं गुंगवतो, की त्यांना पत्ताच लागत नाही. वर्षानुवर्षं. पण तो मरायला लागला की पिशवी झिरपते. मग राखणदार जागे होतात, रक्तातून आणखी मदत बोलावतात आणि सगळे मिळून तुटून पडतात. त्या मारामारीत आजूबाजूचा मेंदू सुजतो. झटका त्या सुजेचा. माझ्या डोक्यात सध्या एकच किडा मरतोय. बाकीचे गप्प आहेत.

औषध दिलं तर सगळे एकदम मरतील, आणि राखणदार एकदम उठतील. त्यांना आवरायला दुसरं औषध देतात, पण कितपत आवरतील ते डॉक्टरही सांगत नाहीत. एक किडा वाचेच्या जागेला लागून आहे. औषध नाही घेतलं, तर एकेक आपापल्या वेळेला मरणार, कधी जिन्यावर, कधी पेटल्या चुलीपाशी.

मला मरायची भीती वाटते, अक्का. पण त्याहून जास्त भीती वाटते ती जिवंत उठून मी मी नसण्याची. दानम्मा समोर बसेल आणि मला ती शेजारीण वाटेल. माझेच राखणदार माझंच घर जाळतील आणि त्यांना ते कळणारही नाही.

त्या दडून बसलेल्या किड्याचं ऐकलं तेव्हा मला कणगी आठवली. रझाकारीच्या दिवसांत तू मला घेऊन जोंधळ्याच्या कणगीत उतरली होतीस. मी पाच वर्षांचा. बाहेर घोड्यांचे आवाज आणि मला हुंदका फुटत होता. आपण कणगीत लपलो हे सगळ्या भावकीला ठाऊक आहे. पण मी गप्प कसा राहिलो, माझ्या तोंडात काय होतं, हे तुला आणि मलाच ठाऊक. तू आईलाही सांगितलं नाहीस.

म्हणून एक काम कर. शेषेराव त्यांच्याच दवाखान्यात औषध देणार आहेत. तू ये. आणि मी शुद्धीवर आलो की मला माझं नाव विचारू नकोस, ते दानम्मा पढवून ठेवेल. मला एवढंच विचार, कणगीत तुझ्या तोंडात काय होतं?

उत्तर आलं नाही तर दानम्माला माहेरी एकटीला पाठवू नकोस. तुझ्याकडं ठेव.

गुडघा दुखत असला तरी ये.

तुझा,
विरू

*

लातूर
२० एप्रिल १९८७

अक्का,

अक्षर बघून घाबरू नकोस. हात अजून थरथरतो. हे पत्र मी स्वतः लिहितोय, थांबत थांबत. दानम्मा बाजूला बसली आहे, पण तिला वाचू देत नाही.

औषध सुरू झाल्यावरचे पहिले दिवस मला तुटक आठवतात. डोकं आतून कुणी पाचर ठोकून फोडतंय असं दुखायचं. मग झटका आला, आणि त्यानंतर माझी वाचा गेली. तुला वाटलं असेल की मी गेलो. मी होतो, अक्का. सगळं ऐकू येत होतं. तू खाटेशी बसून दाजींच्या घोरण्याचं सांगितलंस, म्हशीनं धार चोरल्याचं सांगितलंस, टँकरवाल्याशी भांडल्याचं सांगितलंस. मला ‘पाणी’ म्हणायचं होतं आणि शब्द सापडत नव्हता. जागा ठाऊक होती, शब्द तिथं नव्हता. एवढा मी कधी भ्यालो नाही. कणगीतसुद्धा नाही.

शब्द आता येताहेत. थोडे आडवेतिडवे. काल गिऱ्हाइकासमोर तुरीला मूग म्हणालो, तो म्हणाला, “मालक, भाव मुगाचा लावू नका म्हंजी झालं.” फोटो पुन्हा काढायचा आहे. शेषेराव म्हणतात, सूज ओसरलेली दिसतेय, पण एखादा किडा राहिलाही असेल. तेव्हा भीती संपलेली नाही. कच्चं खाणं बंद. दानम्मा आता काकडीसुद्धा उकडायला निघाली आहे.

तू निघालीस त्या दिवशी मी ‘अक्का’ एवढंच म्हणू शकलो होतो. तू माझ्या डोक्यावरून हात फिरवलास, पिशवी उचललीस आणि गेलीस. प्रश्न विचारला नाहीस.

मी वाट बघत होतो. मग लक्षात आलं की तू विसरली नव्हतीस. तुला विचारायची भीती वाटली. उत्तर आलं नसतं तर तेवढ्या लांब बसमध्ये तू काय घेऊन बसली असतीस?

दानम्मानं मागाहून एक सांगितलं. झटका आला तेव्हा माझी दातखिळी बसत होती, आणि शेषेराव, “तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा” असं ओरडत असताना तू माझ्या दातांत डावा हात घातलास. रक्त आलं. ते तुला खूप बोलले. तू म्हणे एवढंच म्हणालीस, “त्याला सवय हाय.”

दानम्माला त्याचा अर्थ लागला नाही. मी तिला सांगितला नाही.

तू विचारलं नाहीस, तर मीच सांगतो. करंगळी होती. डाव्या हाताची. मी रडू नये म्हणून तू ती माझ्या तोंडात दिलीस, आणि घोडे दारापुढून जाईपर्यंत मी ती चावत राहिलो. तू हूं केलं नाहीस. आईला सांगितलंस, विळीवर कापली.

आता तिथं दुसरा वण उठला असेल. बघून घे, आणि औषध लाव. ते उशाशी ठेवायचं नसतं.

तुझा, आणि अजून तोच,
विरू