दोन रात्रींची थंडी

प्रिय आई,

एकाच घरात राहून पत्र लिहिते म्हणून हसशील. पण मी समोर बसून बोलायला लागले, की तुला नेमकं गॅसवरचं काहीतरी आठवतं.

महिनाभर मी आणि बाबा त्यांच्या जुन्या व्हॅनमध्ये काय खुडबुड करतोय, असं तू शेजारच्या काकूंना विचारत होतीस. मागच्या बाजूला आम्ही छोटा फ्रिज बसवलाय; ट्रंकेएवढा, वरून उघडणारा. पहिल्यांदा मी तो गाडीच्याच बॅटरीला जोडला. सकाळी गाडी ढिम्म! धक्का मारायला अर्धी गल्ली आली आणि बाबा म्हणाले, “आमच्या घरातली पहिली पदवीधर आहे हो, जरा जोर लावा!”

मग फ्रिजला वेगळी बॅटरी दिली. इंजिन चालू असलं की ती भरते, बंद झालं की गाडीच्या बॅटरीपासून आपोआप वेगळी होते. कागदावर ती दोन रात्री पुरत होती. प्रत्यक्षात पहाटेच तिने मान टाकली, कारण बाबा दर पंधरा मिनिटांनी “गार झालं का बघतो” म्हणत झाकण उघडत होते. मी झाकणाला चिकटपट्टी लावली. “आली मास्तरीण,” म्हणाले, आणि झाकणाला कान लावून बसले.

काल दुपारी मीही कान लावला. आत बारीक घरघर, झोपलेल्या मांजरीसारखी. डोळे मिटले तर गाडी चालू लागली. झाडं मागे गेली, एक लांब पूल गेला, मग समोर सगळं निळंच निळं. आमच्या दोघांच्या मध्ये तू बसली होतीस आणि तुझे केस वाऱ्याने माझ्या तोंडावर येत होते. मी ते बाजूला केले नाहीत.

माझ्या पदवीदानाला तू आली नाहीस. “मांजरीला कोण बघेल?” म्हणालीस. मला फार राग आला होता. ती मांजर आठ-आठ दिवस घरी फिरकत नाही. खरं कारण मावशीने दीड महिन्यापूर्वी सांगितलं. मी लहान असताना प्रवासात तुझं इन्सुलिन उन्हाने खराब झालं आणि तू स्टँडवर कोसळलीस. तेव्हापासून तू स्वयंपाकघरातल्या फ्रिजपासून एका दिवसापलीकडे गेली नाहीस. मला समुद्राकाठी नोकरी लागली तेव्हाही तू पेढ्यासारखं गोड हसून म्हणालीस, “तुम्ही दोघं जा, मी घर सांभाळते.”

आई, तिथे पोचायला दोन रात्री लागतात. गाडी जागची न हलवता, नुसत्या पाण्याच्या बाटल्या ठेवून आम्ही तीनदा पाहिलं. दोन्ही रात्री काटा पाच अंशांवर होता. काही तापलं नाही, काही गोठलं नाही. आज बाबा तुला गाडीतून पाणी आणायला पाठवतील. त्यांना नाटक जमत नाही, हसतील. तू लक्ष देऊ नकोस. उजव्या कोपऱ्यात तुझ्या इंजेक्शनांपुरता कप्पा रिकामा ठेवलाय. त्यातच हे पत्र असेल. रविवारी निघायचंय. कप्पा भरायचा की नाही, ते तू ठरव. मी रुसणार नाही, पण मधली जागा तुझीच राहील. आता झाकण लगेच लाव, थंडी निसटते.

तुझीच,
मास्तरीण