बंबाशेजारची सागाची फळी

बाबा, घर उभं राहिलं. पौडच्या पुढे, रस्त्यावरून दिसणारही नाही असं, दोन खोल्या आणि पडवी. खांब जांभळाचे, तुळया ऐनाच्या, दारं फणसाची. तुमचा साग औषधालाही नाही. हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते आहे, क्षेमकुशल विचारायला नाही.

तुम्ही वखारीत सागाशिवाय दुसरं लाकूड कधी उतरवून घेतलं नाहीत. सातवीत असताना मी कोकणातल्या मावशीकडून फणसाचा एक तुकडा आणला होता. पॉलिश पेपरने घासघासून हळदीसारखा पिवळा काढला आणि वखारीतल्या गादीवर बसलेल्या तुमच्या हातात दिला. तुम्ही तो तळहातावर जोखलात. "हे लाकूड नव्हे, सरपण," म्हणालात. "तुला यातलं काही कळायचं नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी मी नारायण पेठेतल्या आपल्या न्हाणीघरात जाते, तर बंबाच्या नळीतून त्याचं टोक वर आलेलं, काळं पडलेलं. तुम्ही खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर येता आणि म्हणता, "पाणी बरं तापलं आज." तेव्हा आलेला राग अजून तसाच आहे. मी तो नीट सांभाळला आहे.

वखार तुम्ही मुलाला दिलीत. त्याला लाकडातलं कळत होतं म्हणे. आता तो तिथे लाकडाचा फोटो चिकटवलेला प्लाय विकतो. मी मात्र मुळशीच्या गावागावांतून हिंडले. वादळात पडलेले फणस, रस्त्यासाठी तोडलेली जांभळं, जिथे कळलं तिथे जाऊन पाहिली. परवाने काढले, लाकूड कापून घेतलं, सावलीत रचून वाळू दिलं. सुतार तुमच्याच वखारीवर वाढलेला निघाला. "ताई, सागच लावा. साहेबांच्या मुलीच्या घराला फणस शोभत नाही." मी म्हटलं, "राहायचं मला आहे, साहेबांना नाही. तुम्ही रंधा मारा."

तुम्ही गेल्यावर प्लायसाठी वखार मोकळी करताना भावाला सागाची एक फळी सापडली, तुम्ही कुणालाही न विकता मागे ठेवलेली. उंबऱ्याला लाव म्हणून त्याने ती टेम्पोतून पाठवली. उंबरा मी बाभळीचा केला. त्याच टेम्पोतून तुमचा बंबही आला, नाहीतर तो भंगारात जाणार होता. दोन्ही शेजारी शेजारी उतरवलं आणि ठरवलं, या फळीचे तुकडे करून याच बंबात घालायचे, आंघोळ करायची आणि म्हणायचं, पाणी बरं तापलं आज. आई हल्ली माझ्याकडेच असते. ती म्हणाली, "जाळ की. तुला कुणी अडवलंय? कुऱ्हाड दाराआड आहे."

दोन पावसाळे झाले, एकही दार अडकत नाही. तुमचं चुकलं बाबा, फणसाबद्दल चुकलं आणि माझ्याबद्दलही. हे मी शेवटपर्यंत म्हणत राहणार.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं सांगून टाकते. कुऱ्हाड मी बऱ्याचदा बाहेर काढते. फळी आडवी टाकते, आणि वाकले की तिला तुमच्या सदऱ्याचा वास येतो. मग कुऱ्हाड परत दाराआड जाते. आई टॉवेल पुढे करते. बंबात मी रोज फणसाच्या ढलप्या घालते. पाणी बरं तापतं.