आठशे खुर्च्या आणि पन्नास शब्द

अल्माटी, सोमवार

आदरणीय ओरिनबाय मामा,

सलाम. मेंढ्या कशा आहेत, घोडी व्याली का, आणि मामींचे गुडघे काय म्हणतात? (विचारपूस जनावरांपासून सुरू करायची ही आपलीच रीत, मामींनी माझ्यावर डाफरू नये.) आम्ही इकडे मजेत.

मी काय काम करते हे तुम्ही दर वेळी आईला विचारता आणि ती "कागदावर काहीतरी" म्हणते, म्हणून एकदाचं सांगते. कृत्रिम बुद्धिमत्तेवर इथे मोठमोठ्या सभागृहांत भाषणं होतात. वक्ता कोण, आणि त्याला ऐकायला तुम्ही कामधाम सोडून का यावं, हे पन्नास शब्दांत मी लिहिते. अभिमानानं सांगते मामा, या शहरात माझ्याइतकं चांगलं कोणी लिहीत नाही. (यंत्रालाही लिहायला लावून पाहिलं. त्यानं सगळ्यांनाच "दूरदर्शी" करून टाकलं, सभागृहाच्या वायरमनलासुद्धा.)

येत्या गुरुवारी प्राध्यापक देउलेत यांचं मुख्य भाषण. त्यांनी विषय कळवला, 'संधी आणि आव्हाने'. गेल्या वर्षी सोळा जणांनी हाच कळवला होता. मी फोन करून विचारलं, यंत्राशी तुमचं कधी वाजलंय का? म्हणाले, "पोरी, माझं बायकोशीसुद्धा वाजत नाही." आता यातून कोण काय लिहिणार? मी जरा वेळ डोळे मिटून बसले आणि लिहिलं: 'यंत्र "जा" म्हणालं तेव्हा पाच वेळा "थांबा" म्हणालेला माणूस. तीनदा तो बरोबर ठरला, दोनदा चुकला. पाचही गोष्टी तो स्वतः सांगेल.' बस, पन्नास शब्दही लागले नाहीत. दोन दिवसांत आठशे खुर्च्या भरल्या!

पंचाईत अशी, की ते वर्णन प्राध्यापकांनीही वाचलं. इतकं आवडलं की मेहुण्यासाठी जागा मागितली. मग खाली स्वतःचं नाव दिसलं. तरातरा कचेरीत आले. "मी चुकलो? दोनदा? एकदा तरी दाखवा!" आमच्या मालकीण शोल्पानताईंनी चहा पुढे केला, त्याला हातही न लावता गेले. गुरुवारी येणार नाहीत. ताई मला म्हणाल्या, "बालझिया, वर्णन बदल, नाहीतर तसा माणूस आण. दोन्ही जमत नसेल तर शुक्रवारपासून येऊ नकोस." वर्णन मी बदलणार नाही. त्यातला एकही शब्द खोटा नाही, फक्त नाव चुकीचं पडलं.

तब्येतीला जपा. मामींना सलाम.

तुमची भाची,
बालझिया

ता. क. भाचीनं मागितलेल्या तीन गोष्टी मामाला नाकारता येत नाहीत. शिंगरू मागून झालं, मोटारसायकल मागून झाली. ही तिसरी. पत्र बसवाल्याच्या हाती देतेय. बुधवारी तोच तुम्हाला घेऊन येईल. यंत्र 'बर्फ कोसळणार नाही, रस्ता उघडा' म्हणत असताना तुम्ही पहारेकरी म्हणून घाटातला रस्ता अडवलात, त्या पाच दिवसांची चौकीवरची वही बरोबर आणा. गुरुवारी प्राध्यापकांच्या जागी बोलायला उभे राहाल तेव्हा चुकलेले दोन दिवस आधी सांगा. टोपी चांगली घाला.

आणखी ता. क. आईला मी काहीच सांगितलं नव्हतं. काल तिनं चौकातल्या फलकावर ते वर्णन वाचलं आणि म्हणाली, "प्राध्यापक कसला! स्वतःच्या चुका असा सांगत सुटणारा माझा भाऊच." तिथेच उभी राहून रडली, मग मीही. मी तिला फुकट पास देत होते. "भावाला ऐकायला जातेय, तिकीट काढूनच जाईन," म्हणाली, आणि प्राध्यापकांच्या मेहुण्यासाठी ठेवलेलं, आता मोकळं झालेलं पहिल्या रांगेतलं काढून आली.